लॅटिनमधली पिंपरी

हॅमायसिन हे बुरशी मारणारे एक पिवळे प्रतिजैविक आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या संशोधन विभागात ते सापडले आणि 1961 मध्ये त्याची माहिती त्याच कारखान्याच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या रेणूत एकाआड एक असे सात दुहेरी बंध असतात. पाण्यात विरघळायला ते जवळजवळ नकारच देते. म्हणून तोंड, कान आणि शरीरातल्या इतर दमट जागी वाढणाऱ्या बुरशीवर ते मुख्यतः वरून लावायचे औषध म्हणून वापरले गेले. रसायनशास्त्राच्या पुस्तकाला एवढी माहिती पुरते. पण या पदार्थाचे नाव पदार्थापेक्षा जास्त गुंतागुंतीचे आहे. त्यात एक कारखाना, एक जुना गैरसमज, एक गाव आणि लॅटिन व्याकरणाशी केलेली थोडी दांडगाई एवढे सगळे मुरलेले आहे.

नावाचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा ‘हॅ’. हिंदुस्तान आणि अँटिबायोटिक्स या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे एच आणि ए. ती एकमेकांना चिकटवली की ‘हॅ’ तयार होतो. पिंपरीत ही अक्षरे कोणी चिकटवत नाही, सुटी सुटीच बोलली जातात: एच.ए. कॉलनी, एच.ए. शाळा, एच.ए. मैदान. रिक्षावाल्याला ‘एच.ए.’ म्हटले की तो निघतो. ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ असे पूर्ण म्हटले की प्रवासी बाहेरगावचा आहे हे त्याच्या लक्षात येते आणि भाडे त्या हिशोबाने ठरते. या पट्ट्यात आद्याक्षरांना मूळ नावापेक्षा जास्त आयुष्य असते. टाटांच्या टेल्को कंपनीचे अधिकृत नाव 2003 मध्ये बदलले, पण भोसरीकडच्या टेल्को रोडला ते अजून कोणी कळवलेले दिसत नाही.

एच.ए. सुटे ठेवण्यामागे मराठी कानाचीही एक अडचण असावी. मराठीत ‘हॅ’ हा आधीपासून कामावर असलेला उद्गार आहे. शेजाऱ्याच्या फ्लॅटचा कार्पेट एरिया, भावी जावयाचे पॅकेज किंवा कंपनीने जाहीर केलेला दिवाळी बोनस ऐकल्यावर तो आपोआप तोंडातून बाहेर पडतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘हॅमायसिन लावा’ असे सांगितले की पहिल्या अक्षरातच आपल्या दुखण्याची बोळवण झाली असे मराठी रुग्णाला वाटण्याचा संभव होता. शोध लावणाऱ्या पथकाचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार हे कर्नाटकातले, पुढे भटनागर पुरस्कार मिळालेले नामांकित कवकशास्त्रज्ञ. त्यांच्या कानाला ‘हॅ’ निर्दोष वाटला असणार. बुरशींना नावे देण्याचा त्यांना दांडगा सराव होता. त्याआधी त्यांनी काणी रोगाच्या बुरशीच्या एका प्रजातीला मुंडकूर या ज्येष्ठ वनस्पतिरोगतज्ज्ञांवरून ‘मुंडकुरेला’ असे नाव दिले होते. गौरव म्हणून एखाद्याचे नाव रोगाला देण्याची ही चाल शास्त्राबाहेर फारशी रुजलेली नाही.

कारखाना स्थापन झाला 1954 मध्ये. सरकारी मालकीची ही देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत मिळाली आणि पुढच्याच वर्षी पिंपरीत पेनिसिलिन निघू लागले. पेनिसिलिन हे नावही बघण्यासारखे आहे. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये जंतू मारणारी बुरशी दिसली, तेव्हा तिच्यातून पाझरणाऱ्या द्रवाला ते काही काळ सरळ ‘बुरशीचा रस’ म्हणत होते. हे नाव टिकले असते तर औषधाच्या दुकानात मागणी करणे अवघड झाले असते. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्यांनी सांगून टाकले की लांबलचक वर्णन पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी ‘पेनिसिलिन’ हा शब्द वापरू. शास्त्रातल्या कितीतरी मोठ्या नावांचा उगम कंटाळ्यात आहे, पण इतक्या स्वच्छपणे ते कोणी कबूल करत नाही.

ज्या बुरशीवरून हे नाव आले ती पेनिसिलियम. लॅटिनमध्ये ‘पेनिसिलस’ म्हणजे छोटा कुंचला. सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीच्या टोकाला कुंचल्याचे केस फुटल्यासारखे दिसतात. त्याच शब्दापासून फ्रेंचमार्गे ‘पेन्सिल’ आली, कारण पेन्सिल म्हणजे मुळात चित्रकाराचा बारीक कुंचलाच होता. म्हणजे एच.ए. शाळेत मुलांच्या हातात असलेली वस्तू आणि त्यांच्या वडिलांच्या खात्यात टाक्यांतून निघणारी वस्तू या शब्दांच्या नात्याने सख्ख्या बहिणी होत्या. आणखी मागे गेले तर ‘पेनिसिलस’ हे लॅटिनमधल्या शेपटीच्या शब्दाचे लाडके रूप निघते. तिथून पुढची व्युत्पत्ती शाळेत शिकवण्याजोगी राहत नाही.

हॅमायसिनचा दुसरा तुकडा ‘मायसिन’ हा ग्रीक आहे. ‘मिकेस’ म्हणजे बुरशी, अळंबी. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत 1943 मध्ये आल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून क्षयावर चालणारे औषध मिळाले. सूक्ष्मजीवाचे नाव स्ट्रेप्टोमायसीस, म्हणजे ‘पीळदार बुरशी’, म्हणून औषध झाले स्ट्रेप्टोमायसिन. साठच्या दशकात ते पिंपरीतही बनू लागले. अडचण एवढीच की स्ट्रेप्टोमायसीस ही बुरशी नव्हे. तो जीवाणू आहे. बुरशीसारखे धागे पसरत वाढतो म्हणून या कुळातल्या जीवाणूंच्या नावामागे बुरशीचे शेपूट लावायची रीत पडली आणि गैरसमज मिटल्यावरही शेपूट तसेच राहिले. तेव्हा हॅमायसिनची अधिकृत स्थिती अशी आहे: ते बुरशीचा नाश करते, स्वतःच्या नावात बुरशी मिरवते आणि जन्माला येते ते जीवाणूपासून. न्यायालयात एवढ्या विसंगतीवर साक्षीदार फिरल्याचे जाहीर होते.

‘मायसिन’ हा प्रत्यय पुढे इतका चालला की तो कोणी कुठे लावावा यावर नियम आले. जेन्टामायसिन हे वेगळ्या प्रजातीच्या जीवाणूपासून मिळते, म्हणून त्याच्या इंग्रजी स्पेलिंगात ‘वाय’च्या जागी ‘आय’ घातले गेले. अभ्यासू डॉक्टरांना या एका अक्षरावरून औषधाचे घराणे ओळखता येते. देवनागरीने दोघांनाही ‘मायसिन’ लिहून हा सगळा भेदभाव एका फटक्यात संपवला.

कारखान्याच्या आद्याक्षरांचा असा उपयोग करणारी पिंपरी पहिली नव्हती. बुरशीवरचे निस्टाटिन हे औषध 1950 मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन यांनी जाहीर केले. दोघी न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात होत्या, म्हणून ‘न्यू यॉर्क स्टेट’ची अक्षरे औषधात गेली. ते ज्या मातीतून मिळाले ती व्हर्जिनियातल्या नोर्स नावाच्या गृहस्थांच्या जागेतली होती, म्हणून जीवाणूच्या नावात नोर्स गेले. उंदीर मारण्यासाठी आणि पुढे माणसांचे रक्त पातळ ठेवण्यासाठी वापरले जाणारे वॉरफरिन हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांवरून आले. माजी विद्यार्थी संघटनेची आठवण उंदराच्या विषात ठेवणे हा कृतज्ञतेचा प्रकार आपल्याकडच्या महाविद्यालयांनी अजून विचारात घेतलेला नाही. इटलीतल्या संशोधकांनी तर क्षयावरच्या रिफॅम्पिसिनच्या घराण्याला ‘रिफिफी’ या दरोड्याच्या फ्रेंच चित्रपटावरून नाव दिले. सरकारी कारखान्यात चित्रपटावरून नाव ठेवले असते तर फाईल कुठल्या टेबलावर अडली असती हे सांगायला नको.

आता गाव. ज्या जीवाणूपासून हॅमायसिन मिळते त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रीना’. लॅटिन नामकरणात पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याने पहिल्याचे लिंग घ्यावे असा नियम आहे. स्ट्रेप्टोमायसीस पुल्लिंगी आहे. त्याच्या भावंडांची नावेही नियमाने पुल्लिंगी आहेत, ग्रिसियस, आल्बस अशी. त्या हिशोबाने हे ‘पिंप्रीनस’ व्हायला हवे होते आणि ते नाव रोमन सेनापतीला शोभले असते. तसे झाले नाही. पुढे तिरुमलाचार यांच्या पथकाने एका बुरशीलाही गावाचे नाव दिले, ‘सेफॅलोस्पोरियम पिंप्रीना’. सेफॅलोस्पोरियम नपुंसकलिंगी असल्यामुळे तिथे ‘पिंप्रीनम’ अपेक्षित होते. तिथेही ‘पिंप्रीना’च राहिले. काटेकोर लॅटिनतज्ज्ञ यावर नाक मुरडतील. मराठी वाचकाला यात वावगे काही दिसणार नाही. पिंपरी ही ‘ती’ आहे. शेजारी कोणीही येऊन राहिले तरी ती ‘तो’ किंवा ‘ते’ होत नाही, मग शेजारी रोमहून आला म्हणून का व्हावे?

पिंपरी या नावाचे मूळ झाडात आहे. पिंपळ, पिंपरी ही वडाच्या गोतातली झाडे, आणि महाराष्ट्रात गावाला नाव द्यायची वेळ आली की लोकांनी आधी झाडाकडे पाहिलेले आहे. चिंचवडने तर चिंच आणि वड अशी दोन झाडे एकाच नावात बसवली. परिणामी महाराष्ट्रात पिंपऱ्या पुष्कळ झाल्या आणि एकीपासून दुसरी ओळखायला महसूल खात्याला पुढे शेपट्या लावाव्या लागल्या: जुन्नरकडची पिंपरी पेंढार, खेडातली पिंपरी बुद्रुक, आणि कारखान्यांची ही पिंपरी वाघेरे. लॅटिनमध्ये मात्र शेपटी नाही. नुसते पिंप्रीना. जीवाणूचा सातबारा काढायची वेळ आली तर तलाठी पहिल्यांदा ‘कुठली पिंपरी?’ हेच विचारील.

याच काळात एका बुरशीला पुण्याचेही नाव मिळाले, ‘एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस’. इथे ‘-एन्सिस’ हा स्थळदर्शक प्रत्यय रीतसर लावलेला आहे, लिंगही बिनचूक आहे, आक्षेपाला जागा नाही. पुण्याच्या बाबतीत व्याकरण ढिले सोडण्याची हिंमत लॅटिननेही केली नसावी. शहराचे इंग्रजी स्पेलिंग पुढे बदलले, बुरशीचे बदलले नाही, त्यामुळे इंग्रजांच्या काळातले ‘पूना’ आता रेसकोर्सच्या आसपास आणि या बुरशीत शिल्लक आहे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की पूनेन्सिस आणि पिंप्रीना या दोन्ही बुरशी एकच पदार्थ तयार करतात, अँटिअमीबिन. 1968 मध्ये तो जाहीर झाला. धरणाचे पाणी, कचरा डेपो, मेट्रोचा पहिला टप्पा यांपैकी कशावरही एकमत न झालेल्या दोन शहरांचे आमांशाच्या अमीबाविरुद्ध एकमत झाले, आणि तेही कुठली समिती न नेमता.

तारखांचा क्रम इथे पाहण्याजोगा आहे. पिंपरी 1961 पर्यंत औषधशास्त्राच्या वाङ्मयात पोचली होती. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली 1970 मध्ये आणि महानगरपालिका 1982 मध्ये. म्हणजे गावात नगराध्यक्ष येण्याच्या बरेच आधी गाव लॅटिनमध्ये गेले होते. अशा उलट्या क्रमाचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण पोलंडचे. वॉर्सात जन्मलेल्या मारी क्यूरी यांनी 1898 मध्ये पॅरिसमध्ये नवे मूलद्रव्य शोधून त्याला पोलोनियम हे नाव दिले, तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी तो शंभर वर्षांपूर्वीच वाटून घेतला होता. देश परत मिळाला 1918 मध्ये. तोपर्यंत वीस वर्षे पोलंडला स्वतःची अशी हक्काची जागा होती ती मूलद्रव्यांच्या तक्त्यात. पिंपरीची तुलना पोलंडशी करणे थोडे जास्त होते हे खरे, पण नगरपालिका नसलेल्या गावाला तुलना करायला दुसरे कोण मिळणार?

पोलंडचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या प्राणवायूकडेही वळले पाहिजे. लाव्हाझिएने अठराव्या शतकाच्या शेवटी ‘ऑक्सिजन’ हा शब्द घडवला तो ‘आम्ल जन्माला घालणारा’ या अर्थाने. सगळ्या आम्लांत हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती. ती चुकीची निघाली, मिठाच्या आम्लात तो नसतो. पण तोवर जर्मनांनी ‘आंबट द्रव्य’, रशियनांनी ‘आम्लजनक’, बंगाल्यांनी ‘अम्लजान’ अशी चोख भाषांतरे करून चूक आपापल्या भाषेत मुक्कामाला आणली होती. पोलिश भाषेतही येन्जेय श्न्यादेत्स्की यांच्या 1800 च्या रसायनशास्त्राच्या पुस्तकामुळे ‘क्वासोरुद’ हा तसाच शब्द आला. 1851 मध्ये यान ओचापोव्स्की यांनी तो बाजूला ठेवून नवा शब्द सुचवला, ‘त्लेन’. पोलिशमध्ये ‘त्लिच’ म्हणजे धुमसणे. आग धुमसती ठेवतो तो त्लेन. शब्द आखूड होता, देशी होता आणि चुकीचा नव्हता. एवढे तिन्ही गुण असूनही तो टिकला, हे परिभाषेच्या इतिहासात दुर्मीळ आहे. आज पोलंडमधल्या नळकांड्यांवर तोच असतो.

मराठीने हाच मार्ग धरला असता तर इथे ‘धुमस’ आला असता. रुग्णालयाच्या भिंतीवर ‘धुमस पुरवठा’, चाकण एमआयडीसीतून निघणाऱ्या टँकरवर ‘द्रवरूप धुमस’, आणि अतिदक्षता विभागात ‘पेशंटला धुमस लावा’. नातेवाइकांचा धीर सुटायला तेवढे पुरले असते. मराठीने ‘प्राणवायू’ पसंत केला. त्यात आम्लाचा उल्लेख नाही, त्यामुळे लाव्हाझिएच्या चुकीपासून भाषा वाचली. मात्र हा शब्द कोरा नव्हता. योगशास्त्रात प्राण हा पाच वायूंपैकी एक. त्याचे चार भाऊ अपान, व्यान, उदान आणि समान. रसायनशास्त्राने थोरल्याला उचलले आणि बाकीच्यांना तिथेच ठेवले. अपानाला एखाद्या मूलद्रव्याचे पद मिळाले नाही याबद्दल विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनीही आभार मानले पाहिजेत. जुन्या क्रमिक पुस्तकांत याच प्राणवायूपासून ‘कर्बद्विप्राणिल वायू’ तयार झाला होता. दोन प्राण आणि एक कर्ब एवढाच त्याचा अर्थ, पण वर्गात तो ऐकताना पंचतंत्रातले एखादे दोन डोक्यांचे जनावर डोळ्यांपुढे येई. आता पुस्तकात कार्बन डायऑक्साइड आहे आणि जनावर नामशेष झाले आहे. प्राणवायूचेही पुष्कळसे काम ऑक्सिजनने काढून घेतले. 2021 च्या एप्रिलमध्ये चाकणच्या टँकरची वाट बघणाऱ्यांच्या तोंडी ऑक्सिजनच होता. प्राणवायू हा शब्द तेव्हा अग्रलेखात उरला होता.

चुकीचे नाव भाषांतरात सुधारण्याचे आणखी चांगले उदाहरण पुन्हा एका पोलिश माणसाच्या नावावर आहे. वॉर्सातच जन्मलेले काझिमिएझ फुंक हे लंडनमध्ये तांदळाच्या कोंड्यातले बेरीबेरी बरे करणारे द्रव्य शोधत होते. 1912 मध्ये त्यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटामाइन’ म्हटले: ‘व्हिटा’ म्हणजे जीवन, आणि ‘अमाइन’ हा नत्र असलेल्या संयुगांचा एक वर्ग. पुढे कळले की यांतली बरीचशी द्रव्ये अमाइन नाहीतच. 1920 मध्ये जॅक ड्रमंड यांनी तोडगा काढला, इंग्रजी स्पेलिंगातले शेवटचे ‘ई’ काढून टाकले. शास्त्रीय चूक एक अक्षर पुसून दुरुस्त करण्याची ही युक्ती नगर रचना विभागात मान्य व्हावी अशी आहे. मराठीला अक्षर पुसावे लागले नाही. ‘जीवनसत्त्व’ या शब्दात अमाइनला मुळात जागाच दिलेली नव्हती. त्याची अडचण वेगळी. ‘सत्त्व’मध्ये त दोनदा आहे आणि दर वर्षी परीक्षेत लाखो मुले त्यातला एक गाळून येतात.

पिंपरी-चिंचवड पट्ट्याच्या कारखान्यांत मात्र परिभाषा कोशाचा वारा पोचलेला नाही. एमआयडीसी 1962 मध्ये स्थापन झाली, भोसरी आणि चिंचवडचे प्लॉट भरत गेले आणि प्रत्येक शेडमध्ये एकेक ग्रीक, लॅटिन किंवा डच शब्द मुक्कामाला आला. रंग देण्याआधी पत्र्याचा भाग ज्यातून जातो ती ‘सेव्हन टँक’ प्रोसेस. त्यातल्या आम्लाच्या टाकीचे काम ‘पिकलिंग’. हा शब्द डच भाषेतल्या खारवणीच्या पाण्यावरून आला आणि इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ लोणचे घालणे. त्यामुळे भोसरीच्या शेडमध्ये ‘मटेरियल पिकलिंगला टाकलंय’ असे म्हणणारा सुपरवायझर आणि त्याच वेळी घरी कैऱ्या फोडत बसलेली त्याची आई एकच क्रिया करत असतात. मुरण्याची वेळ तेवढी वेगळी, कारण पत्रा जास्त मुरला तर उरत नाही. शेजारच्या शेडमध्ये ‘गॅल्व्हनायझिंग’ चालते. त्यातले गॅल्व्हानी हे इटलीतले शरीरशास्त्रज्ञ. त्यांनी मेलेल्या बेडकाचे पाय धातूच्या स्पर्शाने उडताना पाहिले, तिथून हा शब्द निघाला आणि पाण्याच्या पाइपवर येऊन थांबला. जीआय पाइप विकणाऱ्या दुकानदाराला बेडकाचे देणे लागते याची कल्पना नसते.

कारखान्यातला शब्द घरी गेल्याचेही उदाहरण आहे. नायलॉन हे नाव अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीने 1938 मध्ये जाहीर केले. न्यू यॉर्क आणि लंडन यांची आद्याक्षरे जोडून ते झाले अशी कथा प्रचलित आहे, पण ती रचलेली आहे. कंपनीने बऱ्याच नावांची मोडतोड करून ते घडवले होते. जगाने ते मोज्यांना, दोऱ्यांना आणि दातांच्या ब्रशला लावले. मराठीने ते साबुदाण्याला लावले. बारीक, गुळगुळीत आणि पारदर्शक ते सगळे नायलॉन: नायलॉन साबुदाणा, नायलॉन पोहे, नायलॉन शेव. एकादशीला ज्या पदार्थांवर बंदी आहे त्यांची यादी कडक असते, तरीही बहुवारिकावरून नाव मिळालेला साबुदाणा उपासाला चालतो. याबद्दल धर्मशास्त्राने अजून मत दिलेले नाही.

परिभाषेचा खरा विजय शहरात झाला नाही, तो चाकणच्या पलीकडे शेतात झाला. चाकणला गाड्यांचे कारखाने येण्याआधीपासून कांद्याचा बाजार आहे, आणि कांदा लावणारा शेतकरी कुठल्याही प्राध्यापकापेक्षा अस्खलित शास्त्रीय मराठी बोलतो: नत्र, स्फुरद, पालाश. नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश यांची ही नावे कृषी खात्याच्या पत्रकातून आणि खताच्या पोत्यावरून वावरात गेली आणि तिथे रुजली. फॉस्फरस हवेत चमकतो म्हणून तो स्फुरद. पालाशमध्ये पोटॅशचा आवाजही ऐकू येतो आणि पळसाचे पानही हलते. पोटॅश हा शब्द तर डच लोकांच्या ‘भांड्यातली राख’ यावरून आला, तेव्हा पळस मिळाल्याने त्याची प्रतिष्ठा वाढलीच. एखाद्या शेतकऱ्याने दुकानात ‘फॉस्फरस द्या’ म्हटले तर त्याचा मुलगा शेतीच्या कॉलेजात शिकतो असे दुकानदार समजतो. याच दुकानांच्या मांडणीवर एके काळी पिंपरीचा आणखी एक पदार्थ असे, ऑरिओफंजिन. पिकांवरच्या बुरशीसाठी एच.ए.ने काढलेले हे औषध ‘सोनेरी’ आणि ‘बुरशी’ या दोन लॅटिन शब्दांना जोडून नावारूपाला आले. संत्र्या-मोसंबीच्या डिंक्यावर आणि नारळावर ते वापरले गेले. त्यात पिंपरीही नाही आणि ‘हॅ’ही नाही. तोवर नामकरण करणाऱ्यांना कोणीतरी मराठी माणूस भेटला असावा.

उलट दिशेचे एक उदाहरण पनवेलजवळ आहे. 1960 मध्ये सरकारी हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स कंपनी स्थापन झाली आणि तिच्या परिसरातली वस्ती ‘रसायनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिथे रसायनाने गावाला नाव दिले, पिंपरीत गावाने रसायनाच्या जन्मदात्याला दिले. ‘रसायनी’ही स्त्रीलिंगीच आहे.

नावांची ही सगळी उठाठेव ज्या कारखान्याभोवती झाली त्याच्या मैदानावर जानेवारी 2016 मध्ये 89 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठीच्या भवितव्याची चर्चा तिथे रीतीप्रमाणे झाली. मांडवाच्या बाजूच्याच आवारात गावाचे नाव मराठीतून थेट लॅटिनमध्ये गेले होते. हा विषय मात्र परिसंवादासाठी कोणी सुचवल्याचे दिसत नाही.

हॅमायसिनचे औषध म्हणून दिवस फार काळ राहिले नाहीत. क्लोट्रिमॅझोलसारखी कृत्रिम मलमे आली, ती स्वस्त पडली, आणि दुकानदाराला ‘हॅ’ म्हणायची गरज उरली नाही. अँटिअमीबिनला मात्र दुसरी नोकरी लागली. पेशीच्या आवरणात ते बारीक भोके पाडते, त्यातून आयन आत-बाहेर जातात, आणि ही भोके कशी पडतात याचा अभ्यास करणाऱ्यांना ते उपयोगी पडते. त्याची स्फटिकरचना 1998 मध्ये उलगडून छापली गेली. त्यावर लिहायचे तर पदार्थ कुठल्या बुरशीतून मिळतो हे सांगावे लागते, आणि तिथे तिरप्या अक्षरात ‘पूनेन्सिस’ आणि ‘पिंप्रीना’ येतात. तिरपी अक्षरे लॅटिन नावांना नियमानेच मिळतात, त्यासाठी नगरपालिकेचा ठराव लागत नाही.